मार्चची बीअर आणि ऑक्टोबरची जत्रा

कोंकणांतील माडावरून पहांटे उतरविलेली नीरा सूर्य कासराभर वर येईपर्यंत गोड असते. दुपारपावेतों तिची माडी होते, आणि आणखी एक दिवस गेला कीं ती शिरक्याच्या वाटेस लागते. आंबणाऱ्या पेयाचा ताजेपणा हा असा घटकापळांचा हिशेब आहे, ही समजूत आपल्याकडे म्हणूनच रुजलेली आहे. यूरोपांत जवापासून होणारी बीअर निसर्गाच्या या नियमांतून सुटलेली नाहीं. परंतु जर्मनीच्या दक्षिणेस असलेल्या बव्हेरिया प्रांतानें हवामान, कायदा आणि बराचसा नाइलाज यांच्या जोरावर हा हिशेब इतका लांबविला कीं, मार्च महिन्यांत शिजविलेली बीअर सहा-सात महिन्यांनीं, ऐन शरदांत, सणाचें पेय म्हणून लोकांपुढें येऊं लागली. तिचें नांवच 'मेर्त्सेन', म्हणजे मार्चची. ती पिण्याचा मोसम मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरचा. नांव एका ऋतूचें आणि कीर्ति दुसऱ्या ऋतूची, असें कां झालें, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

बीअर तयार करण्याची कृति थोडक्यांत अशी. जव भिजवून त्यांना मोड आणतात, ते मोड वाळवून भरडतात, भरड गरम पाण्यांत कालवून तिचा गोड रस काढतात, आणि तो रस हॉप नांवाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर उकळतात. उकळी असेपर्यंत धोका नसतो. धोका रस निवण्याच्या वेळेस. जुन्या कारखान्यांतून हा रस उथळ व पसरट भांड्यांत रात्रभर उघडा ठेवीत, आणि मग त्यांत किण्व, ज्याला यीस्ट म्हणतात, तें मिसळीत. हिंवाळ्याच्या रात्रीं रस लवकर निवे आणि हवेंतील उपद्रवी जंतूंना त्यांत शिरून वाढण्यास फारशी सवड मिळत नसे. उन्हाळ्यांत तोच रस कोमट राही, आणि जंतूंना मेजवानीच मिळे. शिवाय बव्हेरियांतील किण्वाची जात थंडींत काम करणारी. इतर ठिकाणचें किण्व उबेंत भराभर फसफसून वर येई. हें मात्र पाणी गोठण्याच्या थोडें वरच्या थंडीतही सावकाश आंबवण करी आणि काम संपलें म्हणजे तळाशीं बसे. जंतु म्हणजे काय हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. उन्हाळ्यांतील बीअर आंबते, नासते आणि पिणारा आजारी पडतो, एवढें मात्र कारागिरांस, गिऱ्हाइकांस आणि राज्यकर्त्यांसही पक्कें माहीत होतें.

राज्यकर्त्यांनीं यांत लक्ष घातलें याचें कारण त्यांची रसिकता नव्हे. बव्हेरियांत बीअर ही चैन नसून मजुराच्या रोजच्या आहाराचा भाग होती, आणि आहाराचा भाग महागला किंवा नासला तर राज्य डळमळतें. ता. २३ एप्रिल १५१६ रोजीं इंगोलश्टाट येथें ड्यूक विल्हेल्म चौथा व त्याचा भाऊ लुडविग दहावा यांनीं एक फर्मान काढलें. बीअरमध्यें जव, हॉप आणि पाणी यांखेरीज कांहीं घालूं नये, या त्यांतील वाक्यासाठीं हें फर्मान जगप्रसिद्ध झालें आहे. पण मूळ मजकूर पाहिला तर आरंभीं शुद्धतेचा नव्हे, भावाचा प्रश्न आहे. सेंट मायकेलच्या सणापासून, म्हणजे २९ सप्टेंबरपासून, सेंट जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे २३ एप्रिलपर्यंत, एका 'मास' मापास एक फेनिगहून अधिक घेऊं नये. आणि सेंट जॉर्जपासून सेंट मायकेलपर्यंत दोन फेनिगहून अधिक घेऊं नये. उन्हाळ्यांतील बीअर हिंवाळ्यांतील बीअरीच्या दुप्पट भावानें विकण्यास सरकारची संमति होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण उन्हाळ्यांत बीअर टिकविणें म्हणजे पैसा पुरणें होतें.

पुढें १५५३ सालीं ड्यूक आल्ब्रेख्त पांचवा यानें एक पाऊल पुढें टाकलें. सेंट जॉर्जपासून सेंट मायकेलपर्यंत बीअर शिजविण्यासच त्यानें मनाई केली. वर्षांतील पांच महिन्यांहून अधिक काळ भट्ट्या थंड! ही मनाई पुढें जवळजवळ तीनशें वर्षें, १८५० पर्यंत, चालली.

या एका मनाईनें सगळा धंदा निराळ्या वळणास लागला. मार्च उजाडला कीं कारखान्यांत रात्रंदिवस धांदल उडे, कारण पुढच्या पांच महिन्यांची बेगमी त्याच दिवसांत करावयाची. आपल्याकडे वैशाखांत पापड, सांडगे आणि लोणचीं यांची जशी घाई होते, तशीच ही घाई. फरक इतकाच कीं येथें एका घराचा नव्हे, साऱ्या शहराचा प्रश्न असे. ही सांठवणीची बीअर नेहमींपेक्षां जड करीत. जव अधिक घालीत, म्हणजे मद्यांश वाढे. हॉप अधिक घालीत, कारण हॉपचा कडूपणा हा नासाडीचा शत्रु आहे. आंतून डांबरासारख्या राळेचा लेप दिलेल्या लांकडी पिंपांत ती भरून पिंपें तळघरांत उतरवीत. म्यूनिक शहराजवळ ईझार नदीचा कांठ उंच आहे. त्या उंचवट्यांत कारखानदारांनीं खोल तळघरें खणलीं. हिंवाळ्यांत तळीं व डबकीं गोठलीं म्हणजे त्यांवरील बर्फाच्या लाद्या करवतीनें कापून गाड्यांतून आणीत आणि पिंपांभोंवतीं रचीत. तळघरांच्या वर खडी पसरीत, आणि सावलीसाठीं घोडचेस्टनटचीं झाडें लावीत. या झाडाची निवड मोठी विचारपूर्वक झालेली दिसते. त्याचें पान रुंद, सावली दाट, आणि मुळें उथळ पसरणारीं. म्हणजे खालच्या कमानींना धोका नाहीं. शीतपेटी नव्हती त्या काळांत झाड, दगड, माती आणि बर्फ यांचीच एक प्रचंड शीतपेटी या लोकांनीं उभारली.

तळघरांत महिनोन्महिने पडून राहिल्यानें त्या बीअरीचें नुकसान होत नसे, उलट ती निवळे. किण्व तळाशीं बसे, उग्र वास जाई, आणि चव गोल होई. जर्मन भाषेंत सांठविणें यास जो धातु आहे, त्यावरूनच 'लागर' हें नांव पडलें. आज जगांत पिण्यांत येणारी बहुतेक बीअर याच जातीची आहे. मात्र सांठवण म्हणजे अमरत्व नव्हे. जसजसा उन्हाळा सरे, तसतशी एकेक ओळ रिकामी होई. सप्टेंबर अखेरीस मनाई उठे, नवे जव व नवीं हॉपफुलें घरांत आलेलीं असत, भट्ट्या पेटविण्याची वेळ येई. आणि तेव्हां कारखानदारापुढें रोकडा प्रश्न उभा राही कीं नव्या बीअरीसाठीं पिंपें कोठून आणावयाचीं? उत्तर एकच: जुनीं पिंपें पिऊन रिकामीं करावयाचीं. शरदाच्या सणांतील बीअर ही अशा रीतीनें नव्याचें स्वागत नसून जुन्याचा निरोप होता. आजचे जाहिरातदार तिच्याभोंवतीं नव्या हंगामाची झळाळी उभी करतात. इतिहासास ती मान्य नाहीं.

तळघरांवरील चेस्टनटांच्या सावलींत लोक बसूं लागले आणि एक तंटा उभा राहिला. पिंप वर काढून तेथेंच पेला भरून दिला तर त्यापेक्षां ताजी बीअर दुसरीकडे कोठें मिळणार? शहरांतील खानावळवाले ओस पडूं लागले व त्यांनीं राजाकडे गाऱ्हाणें नेलें. ता. ४ जानेवारी १८१२ रोजीं राजा माक्सिमिलियान पहिला योसेफ यानें निवाडा दिला. कारखानदारांनीं आपल्या मेर्त्सेनच्या तळघरांवर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत स्वतःची बीअर किरकोळ विकावी व सोबत पाव द्यावा. दुसरे खाद्यपदार्थ व दुसरीं पेयें देण्याची त्यांना सक्त मनाई. राजानें दोन्ही पक्षांस अर्धाअर्धा न्याय दिला खरा, पण लोकांनीं तिसराच मार्ग काढला. ते घरून शिदोरी घेऊन येऊं लागले. बव्हेरियांतील बीअरबागांमध्यें गिऱ्हाइकानें आपलें खाणें बरोबर आणावें, ही चाल अद्याप टिकून आहे.

जत्रेची कथा याच्या थोडी आधींची. ता. १२ ऑक्टोबर १८१० रोजीं बव्हेरियाचा युवराज लुडविग याचा राजकन्या थेरेझ हिच्याशीं विवाह झाला, आणि १७ ऑक्टोबरला शहराबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत झाली. त्या कुरणास वधूचें नांव मिळालें. दुसऱ्या वर्षीं शर्यतीस शेतकीच्या प्रदर्शनाची जोड मिळाली, १८१८ मध्यें पाळणे व चक्रें आलीं, आणि बीअरच्या टपऱ्याही वाढत गेल्या. प्रारंभीं बीअर ही जत्रेची सोय होती, जत्रेचें कारण नव्हे. ऑक्टोबरचा दिवस, तळघरांतील शेवटचीं पिंपें आणि हजारों तहानलेले लोक हे तिन्ही योग एकत्र आले, म्हणून मेर्त्सेन आणि ही जत्रा यांची गांठ पडली. कोणीं तसें ठरविलें नव्हतें.

ज्या युवराजाच्या लग्नांतून ही जत्रा निघाली, त्याच लुडविगला राजा झाल्यावर बीअरनें चांगलाच हिसका दाखविला. १८४४ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस, म्हणजे उन्हाळी बीअर सुरू होण्याच्या सुमारास, म्यूनिकमध्यें तिचा भाव वाढला. वाढ अर्ध्या क्रॉइत्सरसारखी किरकोळ. पण मजुराची मिळकतही तशीच किरकोळ. जमाव रस्त्यावर आला, बीअरच्या कारखान्यांच्या खिडक्या आणि सामान यांचा चुराडा झाला, आणि दंगल कित्येक दिवस चालली. सैन्याला बोलावलें तर शिपायांचा हात उठेना, कारण बीअर पिणाऱ्यांत तेही होतेच. शेवटीं राजालाच भाव उतरवावा लागला. चार वर्षांनीं, १८४८ मध्यें, लुडविगनें राज्यत्याग केला; त्याची कारणें निराळीं होतीं, परंतु प्रजेच्या पेल्याशीं खेळूं नये हा धडा त्याला आधींच मिळून चुकला होता.

याच काळांत मेर्त्सेनचें रूपही बदललें. म्यूनिकच्या श्पाटेन कारखान्याचा वारस गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळील श्वेखाटचा आन्टोन ड्रेहर हे दोघे तरुण १८३३ मध्यें इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले होते. तेथील कारखाने त्यांनीं पाहिले, आणि पोकळ काठींतून कच्च्या रसाचे नमुने चोरून आणून मुक्कामीं त्यांची परीक्षा केली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. चोरी ती चोरीच. पण या चोरीनें जर्मन बीअरचा धुरकटपणा घालविला. इंग्रज लोक मोड आलेले जव धुरावर न भाजतां गरम हवेनें वाळवीत. त्यामुळें रंग उजळ राही. १८४१ मध्यें ड्रेहरनें व्हिएन्नाची तांबूस लागर काढली आणि झेडलमायरनें आपली मेर्त्सेन लोकांपुढें ठेविली. आणखी चार वर्षांनीं कोपनहेगनचा याकोबसेन हा झेडलमायरकडून किण्वाचीं भांडीं घेऊन टपालगाडीनें स्वदेशीं निघाला. वाटेंत किण्व उबेनें मरूं नये म्हणून जेथें जेथें गाडी थांबे, तेथें तेथें तो त्या भांड्यांवर गार पाणी ओती. त्याच किण्वावर कार्ल्सबर्ग कारखाना उभा राहिला, आणि त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत १८८३ मध्यें हान्सेननें एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढविण्याची रीत काढली.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे, तर तेथील ऑक्टोबर बीअरही सांगितली पाहिजे. कारण तिचा धागा मुंबईच्या धक्क्यापर्यंत येतो. इंग्रजांकडेही मार्च आणि ऑक्टोबर हे बीअर शिजविण्याचे दोन मुख्य महिने. पण त्यांची ऑक्टोबर बीअर ऑक्टोबरांत पीत नसत. ती त्या महिन्यांत शिजवीत आणि वर्ष-दोन वर्षें मुरवीत. मोठ्या घराण्यांतून मुलगा जन्मला कीं अशी बीअर पिंपांत भरून ठेवीत, आणि तो एकवीस वर्षांचा झाला म्हणजे पिंप फोडीत. लंडनजवळच्या बो येथें हॉजसन नांवाच्या कारखानदाराची भट्टी होती. ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें जेथें नांगरत तेथून ती जवळ, आणि कप्तानांना तो लांब मुदतीची उधारी देई. म्हणून त्याची ऑक्टोबर बीअर जहाजावर चढली. आफ्रिकेच्या टोंकास वळसा घालून, दोनदां विषुववृत्त ओलांडून, कित्येक महिन्यांनीं ती मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें उतरे. हॉजसननें हिंदुस्थानाकरितां ही बीअर मुद्दाम शोधून काढली, असें पुष्कळ वर्षें लिहिण्यांत आलें. त्यास आधार नाहीं. घरीं जी बीअर वर्षावर्षानें मुरे, ती उष्ण समुद्रांत महिन्यांतच मुरे, इतकीच त्यांतली खुबी. पुढें १८२० नंतरच्या दशकांत बर्टन गांवच्या कारखानदारांनीं हा व्यापार हॉजसनकडून हिसकावला. येथल्या गोऱ्या साहेबाच्या मेजावरील ती बीअर थंड करण्यासाठीं १८३३ पासून अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांचा बर्फ आधीं कलकत्त्यास आणि मग मुंबईसही येऊं लागला. म्यूनिकच्या तळघरांत डबक्यांचा बर्फ आणि मुंबईच्या बर्फखान्यांत सात समुद्रांपलीकडील तळ्यांचा. त्या शतकांत गारवा ही कापून, वाहून व विकत आणावयाची वस्तु होती.

पुन्हा म्यूनिककडे. १८७२ च्या जत्रेंत मिखाएल शोटेनहामेल याच्या टपरींतील नेहमींची बीअर उन्हाळ्याच्या उकाड्यानें संपत आली, तेव्हां गाब्रिएलचा भाऊ योसेफ झेडलमायर यानें आपल्या कारखान्यांतील, व्हिएन्नाच्या धर्तीवर केलेली जड व तांबूस बीअर पुढें केली, असें सांगतात. भाव अधिक, तरी लोकांनीं ती उचलून धरली, आणि 'ऑक्टोबर जत्रेची मेर्त्सेन' हा एक स्वतंत्र प्रकार बनला. पुढच्याच वर्षीं पटकीच्या सांथीमुळें जत्रा रद्द झाली. १८५४ मध्येंही तसेंच झालें होतें, आणि त्या सांथींत ज्या थेरेझच्या नांवाचें तें कुरण, ती वृद्ध राणीच बळी पडली होती.

मेर्त्सेन नांवारूपास येत असतांनाच तिचें मूळ कारण मात्र नाहींसें होत होतें. म्यूनिकच्या तंत्रशाळेंतील प्राध्यापक कार्ल लिंडे यानें १८७० च्या सुमारास कृत्रिम शीतनावर लेख लिहिले. ते वाचून कारखानदार त्याच्याकडे धांवले, यांत नवल नाहीं. हिंवाळा उबदार गेला कीं तळीं गोठत नसत, बर्फ मिळत नसे, आणि तळघरांतील लाखोंचा माल टांगणीला लागे. १८७३ मध्यें त्याचें पहिलें यंत्र श्पाटेन कारखान्यांतच प्रयोगास लागलें. पुढील अमोनियाचें यंत्र १८७६ मध्यें तयार होऊन ड्रेहरच्या ट्रिएस्ट येथील कारखान्यांत गेलें. त्याच वर्षीं पाश्चरचा बीअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि ड्यूक आल्ब्रेख्तला नुसत्या अनुभवानें कळलेली गोष्ट सूक्ष्मदर्शकाखालीं सिद्ध झाली. आतां ज्येष्ठांतही पौष आणतां येऊं लागला. मार्चमध्यें धांदल करण्याचें कारण उरलें नाहीं. नांव तेवढें उरलें.

आणि नांव उरलें म्हणजे आंतली वस्तु बदलण्यास मोकळी होते. जत्रेचा मुहूर्त थंडी टाळण्यासाठीं सप्टेंबरांत ओढला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जत्रेंतील बीअरही हळूहळू तांबूस रंग सोडून सोनेरी, हलक्या चवीची झाली. मोठ्या मापानें पिणाऱ्यास ती सोसते, आणि विकणाऱ्यास अर्थातच परवडते. मद्यांश मात्र सहा टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. म्यूनिक शहराच्या हद्दींतील सहा कारखान्यांचीच बीअर जत्रेंत विकली जाते, आणि २०२२ मध्यें यूरोपीय संघानें त्या बीअरीच्या नांवास भौगोलिक संरक्षण दिलें. २०२० व २०२१ मध्यें महामारीनें जत्रा भरली नव्हती. १८५४ व १८७३ ची आठवण पुष्कळांस तेव्हां झाली.

जुन्या तांबूस मेर्त्सेनचे खरे वारस हल्लीं अमेरिकेंत अधिक सांपडतात. तेथील कारखाने शरदासाठीं म्हणून ती करतात, परंतु व्यापाऱ्यांच्या चढाओढीनें ती दुकानांत ऑगस्टमध्येंच, कधीं त्याहीपूर्वीं, येऊन बसते. बाहेर अंगाची लाही होत असतांना बाटलीवर पिकलीं पानें! येथें ताजेपणाचा जुना प्रश्न उलट्या तोंडानें उभा राहतो. तळघरांतील पिंप सहा महिने बर्फांत असे, अंधारांत असे, आणि त्यांत किण्व जिवंत असे. दुकानांतील बाटली गाळून स्वच्छ केलेली असते, पण ती कोठाराच्या उबेंत आणि दिव्याच्या उजेडांत उभी असते. उबेनें व प्राणवायूनें तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. उजेडानें हॉपमधील कडू द्रव्यें फुटून दुर्गंध सुटतो, म्हणून तर बाटली तपकिरी कांचेची करतात. जाणते गिऱ्हाईक ती उचलून आधीं तळाशीं किंवा गळ्याशीं छापलेली तारीख पाहतें. ऑगस्टांत आलेली बीअर ऑक्टोबरांत घ्यावी कीं नाहीं, यावर तेथें दरवर्षीं वाद होतात.

म्यूनिकच्या उत्तरेस हालरटाऊ नांवाचा हॉपचा मुलूख आहे. ऑगस्टच्या अखेरीस तेथें तोडणी सुरू होते, आणि जत्रेचीं पहिलीं पिंपें फुटतात तेव्हां शेवटचीं शेतें रिकामीं होत असतात. हीं फुलें ओलीं असतांना एका दिवसांत खराब होऊं लागतात. अमेरिकेंतील कांहीं कारखाने तोडलेलीं फुलें त्याच दिवशीं ओलींच भट्टींत टाकतात. सिएरा नेव्हाडा कारखान्यानें १९९६ मध्यें हा प्रघात पाडला, आणि अशी बीअर खरोखरच शरदाखेरीज दुसऱ्या ऋतूंत होऊं शकत नाहीं. बव्हेरियाचा शेतकरी मात्र बहुतेक फुलें वाळवतो, दाबून त्यांचे गठ्ठे बांधतो आणि थंड कोठारांत ठेवतो. त्यांतील कांहीं पुढल्या वर्षींच्या जत्रेच्या बीअरींत पडतात.